सीएव्ही पंपवाल्याचा पोरगा

सीएव्ही हे माणसाचं नाव आहे हे मला वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी कळलं. लहानपणापासून ऐकत आलोय, सीएव्हीचा पंप उतरवलाय, सीएव्हीनं एअर घेतली, सीएव्हीचा किट घेऊन ये धुळ्याहून, आणि मला आपलं वाटायचं की सेंट्रल अमुक व्हॉल्व तमुक असं काहीतरी लांबलचक इंग्रजी असणार. शिरपूरला आग्रा रोडवर आमचं इंजिनचं वर्कशॉप आहे, नानांनी म्हणजे वडिलांनी टाकलेलं, आता मी बघतो आणि नाना बाहेर खुर्ची टाकून बसतात आणि मी काय चुकीचं करतोय ते तिथूनच सांगतात. एके काळी आमच्याकडे येणाऱ्या किती ट्रॅक्टरवर इंजिनात डिझेल फवारणारा तो गोल सीएव्ही पंप असायचा त्याला मोजदाद नाही.

तर चार्ल्स अँथनी व्हँडरवेल. सी, ए, व्ही. लंडनच्या पश्चिमेला अ‍ॅक्टन म्हणून भाग आहे, तिथं हा माणूस मोटारींचे दिवे आणि डायनामो बनवायचा. १९२६ साली त्यानं कंपनी लुकासला विकून टाकली, डिझेल पंपाचं काम तिथं नंतर सुरू झालं, पण नाव मात्र तेच राहिलं. कंपनी विकून माणूस मोकळा झाला आणि त्याच्या नावाची पाटी पुढं कित्येक वर्षं आमच्या बाकड्यावर रॉकेलमध्ये धुतली जात होती.

हे सगळं सापडलं ते भाच्यामुळं. तो बारावीला आहे, फॉर्म्युला वनचा वेडा, मी पण थोडा आहेच, २००५ला नारायण कार्तिकेयन जॉर्डन टीमकडून उतरला तेव्हापासून बघतोय. भाच्याचा प्रश्न असा होता की मामा, गाडी चालवतो ड्रायव्हर, बनवतो इंजिनिअर, मग मालक काय करतो? मी आधी मल्ल्याचं उदाहरण दिलं. दारूवाला माणूस, स्पायकर टीम विकत घेतली, २००८पासून फोर्स इंडिया नाव लावून उतरवली आणि २००९ला बेल्जियममध्ये त्यांचा ड्रायव्हर फिसिकेला चक्क पोलवरून म्हणजे सगळ्यात पुढच्या जागेवरून निघून दुसरा आला, त्या दिवशी मी वर्कशॉपमध्ये पेढे वाटले होते आणि कोणालाच कळलं नव्हतं कशाचे. पण पोराला ते पुरलं नाही. मग मोबाइलवर शोधता शोधता असल्या धंदेवाल्या मालकांची यादीच निघाली, त्यात टोनी व्हँडरवेल, वडील सीएव्हीवाले, स्वतःचा धंदा बेअरिंगचा. बेअरिंग! मी रात्री दीडपर्यंत वाचत बसलो.

आता बेअरिंग म्हटलं की लोकांच्या डोळ्यासमोर छर्रेवालं येतं. ते नाही. इंजिनच्या आत क्रँक म्हणजे मुख्य दांडा फिरतो तो ज्यावर फिरतो ते, आमच्याकडे त्याला सरळ मेटल म्हणतात. क्रँक ब्लॉकमध्ये बसतो तिथली मेन मेटल, पिस्टनचा रॉड क्रँकला जोडतो तिथली बिगेंड मेटल. अर्ध्या बांगडीसारखी पट्टी, वरून स्टीलची आणि आतून मऊ धातूचा पातळ थर, दोन अर्ध्या समोरासमोर बसवल्या की गोल पूर्ण. टोकाला एक छोटं नाक असतं ते खाचेत बसलं की पट्टी नेमकी जागेवर बसते. हातात घेतली तर काहीच वाटत नाही, पोरांच्या खेळण्यातली वाटते. पण हे यायच्या आधी काय होतं ते नानांना विचारा. नानांच्या उस्तादानं विहिरीवरच्या जुन्या ऑइल इंजिनांची कामं केलेली, तेव्हा पांढरा धातू वितळवून रॉडच्या तोंडात थेट ओतायचे, मग थंड झाला की निळ लावून क्रँक फिरवायचा, जिथं निळ लागली तिथं स्क्रेपरनं घासायचं, परत लावायची, परत घासायचं, दिवस दिवस. एका माणसाची सगळी अक्कल त्या मनगटात. पातळ पट्टी आली आणि काम सोपं झालं, जुनी काढा, क्रँक घासून घ्या, दहा वीस तीसची जी साइज लागेल ती नवी टाका, चला. थर पातळ असल्यामुळं उलट जास्त लोड झेलतो, जाड मऊ धातू मार खाऊन खाऊन फुटतो.

ही पातळ पट्टी अमेरिकेत क्लीव्हलंडच्या एका कंपनीची, आणि टोनी व्हँडरवेलनं १९३०च्या दशकात इंग्लंडमध्ये ती बनवायचं लायसन मिळवलं. मालाचं नाव थिनवॉल. मग काय, इंजिन म्हटलं की त्याची मेटल. पैसा किती आला असेल याचा अंदाज आमच्यासारख्यांना बरोबर येतो, कारण ही वस्तू झिजण्यासाठीच असते.

आता माझी एक गोष्ट मध्येच सांगतो, नंतर लागेल. मी एकोणीस वर्षांचा असेन. सहा सिलिंडरच्या एका ट्रकचं इंजिन काढलं होतं, नाना लग्नाला अमळनेरला गेलेले, आणि मला फार घाई की नाना यायच्या आत गाडी चालू करून दाखवायची. मेन मेटलच्या जोडीत वरच्या पट्टीला तेलाचं भोक असतं, खालची कोरी असते. सातपैकी एका मेनला मी कोरी वर टाकली आणि भोकवाली खाली. झालं, ब्लॉकमधून येणारं तेल तिथं बंद, आणि त्या मेनमधूनच क्रँकच्या आतल्या नळीनं बिगेंडला तेल जातं, म्हणजे तेही बंद. वर्कशॉपमध्ये वीस मिनिटं चालवून पाहिली, मस्त चालली, प्रेशरचा काटा पण बरोबर. माझी छाती फुगलेली. गाडीनं गावाबाहेरच्या मळ्यातून केळी भरली, कच्ची, दिल्लीची, एप्रिल महिना, आणि पळासनेरच्या पुढं बिजासन घाट चढताना क्रँक पकडला. इंजिन जाम. ड्रायव्हर जुना होता, आवाज बदलल्याबरोबर त्यानं क्लच दाबला, ब्रेकवर उभा राहिला, क्लीनरनं उडी मारून चाकाला दगड लावला. मागं गाड्यांची रांग. तो घाट काय आहे हे आग्रा रोडवाल्यांना सांगायला नको.

नाना रात्री आले. मला वाटलं आता कानाखाली बसणार. नानांनी पहिला प्रश्न केळीचा नाही केला, इंजिनचा नाही केला. "डायव्हर कसा शे?" म्हणाले. बरा आहे म्हटल्यावर मग कानाखाली बसली. केळीचे पैसे नानांनी दोन हप्त्यांत फेडले, ती काळीनिळी पडलेली मेटलची पट्टी अजून आमच्या गल्ल्याच्या ड्रॉवरमध्ये आहे, आणि नवीन पोरगं कामाला आलं की नाना ती त्याच्या हातात देतात, बोलत काहीच नाहीत.

असो. तर आपला व्हँडरवेल.

तरुणपणी तो स्वतः शर्यती खेळलेला, बाइक पण आणि मोटार पण. युद्ध संपल्यावर इंग्लंडमध्ये टूम निघाली की देशाची म्हणून एक रेसिंग गाडी बनवायची, बीआरएम. एकट्याला झेपणारं काम नाही म्हणून बऱ्याच कंपन्यांनी मिळून पैसा, सामान, माणसं द्यायची, त्यात हा पण. आणि मग तिथं तेच झालं जे आपल्याकडे यात्रा कमिटीचं होतं, देणगीदार पन्नास आणि प्रत्येकाला माइक पाहिजे. सोळा सिलिंडरचं महागुंतागुंतीचं इंजिन, आज येईल उद्या येईल, मीटिंगवर मीटिंग. ह्या माणसाला ते सहन होईना. तोवर शिकायला बरं म्हणून त्यानं इटलीहून चक्क एक फेरारी विकत आणली, मग अजून एक, तिला हिरवा रंग मारला, आपल्या हिशोबानं बदल केले आणि नाव ठेवलं थिनवॉल स्पेशल. म्हणजे बेअरिंगची जाहिरात पण झाली, पक्का धंदेवाला. गंमत अशी की फेरारी त्याची गिऱ्हाईकच, त्यांच्या इंजिनात याचीच मेटल. १९५१ला सिल्व्हरस्टोनच्या एका शर्यतीत असा पाऊस कोसळला की सहा लॅपमध्ये खेळ थांबवावा लागला, आणि थांबवला तेव्हा सगळ्यात पुढं रेग पार्नेल होता, याच्या थिनवॉलमध्ये, तेव्हाच्या अजिंक्य अल्फा रोमिओ गाड्या मागं. बीआरएमच्या कमिटीतून तो बाहेर पडला तो पडलाच.

त्या काळी गाडीचा रंग देशावरून असायचा, इटली लाल, इंग्लंड हिरवा, फ्रान्स निळा. आणि जिंकायचे लालवाले, फेरारी, मासेराटी, अल्फा. याच्या डोक्यात एकच किडा, ह्या लाल गाड्यांना हिरव्या गाडीनं हरवायचं, आणि दुसऱ्याची गाडी रंगवून नाही, आपली बनवून. व्हँडरवेलमधला व्हॅन आणि थिनवॉलमधला वॉल, व्हॅनवॉल. १९५४ला पहिल्यांदा उतरवली.

इंजिन कसं केलं ते बुलेटवाल्यांनी नीट ऐका. हा नॉर्टन बाइक कंपनीचा डायरेक्टर पण होता. नॉर्टनची मँक्स म्हणून रेसची बाइक, एक सिलिंडर, पाचशे सीसी, जबरदस्त हेड. यानं म्हटलं चार मँक्स एका रांगेत लावा. खालचा भाग रोल्स रॉइसच्या लष्करी गाडीच्या इंजिनवर बेतलेला, वर नॉर्टनची विद्या, पोलंडहून आलेला लिओ कुझमिकी नावाचा इंजिनिअर त्यावर बसलेला, आणि इंधन फवारायला बॉशचं इंजेक्शन. डिझेलवाल्यासारखा पंप पेट्रोलच्या गाडीला! मला हे वाचून इतका आनंद झाला की मी उठून पाणी प्यायलो. जुगाड म्हणा पाहिजे तर, पण जुगाड करणाऱ्याकडे स्वतःचा कारखाना आणि चेकबुक असेल तर त्याला लोक डेव्हलपमेंट म्हणतात.

तरी पहिली दोन वर्षं काही खास झालं नाही. चेसिस धड नव्हती. मग १९५६साठी त्यानं कॉलिन चॅपमनला बोलावलं, लोटस गाड्या बनवणारा, तेव्हा तरुण पोरगा, त्यानं चेसिस नवी केली आणि त्याच्याच ओळखीचा फ्रँक कॉस्टिन, विमानांच्या कामातला माणूस, त्यानं बॉडी केली, उंच, लांब, थेंबासारखी. मालकाचं काम काय या भाच्याच्या प्रश्नाचं उत्तर मला इथं सापडलं असं वाटतं. कमिटीत पण हुशार माणसं होतीच की. पण इथं एका माणसाला विचारायचं, आणि तो हो किंवा नाही म्हणणार, आणि पैसे त्याच्याच खिशातून जाणार.

हे सगळं मी नानांना सांगत होतो, दुपारी, गिऱ्हाईक नव्हतं. नाना शेंगा फोडत होते.

"तो सोता गाडी चालाडे का?"

नाही.

"मंग पैसा कोना?"

त्याचा.

"मंग बराबर शे. सारंगखेड्याले बी तसंच ऱ्हास."

नाना म्हणजे नाना. दत्तजयंतीला सारंगखेड्याला तापीकाठी घोड्यांचा बाजार भरतो, तिथं नानांचे एक दोस्त दरवर्षी जायचे, कापसाचे व्यापारी, स्वतः घोड्यावर कधी बसले नसतील, वजनच तेवढं, पण घोडा नाचायला लागला की घामानं हे ओले. आणि योगायोग बघा, व्हँडरवेलला पहिला मोठा विजय मिळाला तो एंट्री नावाच्या ठिकाणी, लिव्हरपूलजवळ, आणि ती जागा मुळात घोड्यांच्या शर्यतीची. २० जुलै १९५७, ब्रिटिश ग्रां प्री. नानांना मी ही शर्यत पूर्ण सांगितली, तुम्हाला पण सांगतो कारण मालकाची शर्यत म्हणतात ती ही.

व्हँडरवेलचा ड्रायव्हर स्टर्लिंग मॉस पुढं पळतोय आणि त्याच्या गाडीचं इंजिन मिसिंग करायला लागलं. दुसरा ड्रायव्हर टोनी ब्रुक्स, तो महिन्याभरापूर्वीच ले मान्सच्या शर्यतीत आपटलेला, अंगावरच्या जखमा अजून ओल्या, तरी चालवत होता. तेव्हाच्या नियमात ड्रायव्हर बदलता यायचे. ब्रुक्सला आत बोलावलं, त्याला उचलून बाहेर काढलं, मॉस त्याच्या गाडीत बसला आणि नवव्या नंबरवरून सुटला. एकेकाला मागं टाकत आला, पण पुढचा बेहरा मासेराटीत खूप लांब होता. आणि तेवढ्यात बेहराचा क्लच फुटला, तुकडे रस्त्यावर, त्या तुकड्यावरून मागच्या हॉथॉर्नच्या फेरारीचा टायर गेला. मॉस पुढं. ब्रिटिश गाडी आणि ब्रिटिश ड्रायव्हर, वर्ल्ड चॅम्पियनशिपची ग्रां प्री अशी पहिल्यांदाच जिंकली, आणि विजेते म्हणून नावं दोन.

मग त्याच वर्षी पेस्कारा आणि मोंझा, दोन्ही इटलीत, लालवाल्यांच्या घरात. मोंझाला स्टार्टच्या पहिल्या रांगेत चार गाड्या, त्यातल्या तीन हिरव्या आणि चौथा मासेराटीवाला फँजिओ. तारीख ८ सप्टेंबर, व्हँडरवेलचा एकोणसाठावा वाढदिवस. आणि जिंकली. एवढी मस्त भेट कोणाला विकत घेता येईल सांगा, अर्थात यानं घेतलीच होती म्हणा, तीन वर्षांच्या बिलांत.

१९५८ तर पूर्ण त्याचं. नऊ शर्यतींत उतरला, सहा जिंकल्या, तीन मॉसनं, तीन ब्रुक्सनं. कन्स्ट्रक्टरची म्हणजे गाडी बनवणाऱ्यांची चॅम्पियनशिप त्याच वर्षी सुरू झाली आणि पहिलीच व्हॅनवॉलची, ४८ पॉइंट, फेरारीचे ४०. ड्रायव्हरची मात्र मॉसच्या हातून एका पॉइंटनं गेली, ४२ला ४१, हॉथॉर्न फेरारीवाला जिंकला, आणि तो एक पॉइंट का गेला तर पोर्तुगालमध्ये हॉथॉर्नला बाद करणार होते तेव्हा मॉस स्वतः जाऊन त्याच्या बाजूनं बोलला. असला माणूस. मालकाला काय वाटलं असेल तेव्हा, मी असतो तर दोन दिवस बोललो नसतो.

शेवटची शर्यत मोरोक्कोची, कॅसाब्लांका, १९ ऑक्टोबर १९५८. मॉस जिंकला. आणि त्याच शर्यतीत तिसऱ्या हिरव्या गाडीत स्टुअर्ट लुइस इव्हान्स होता, अठ्ठावीस वर्षांचा, अंगानं अगदी बारीक. मोंझाला आदल्या वर्षी सगळ्यात पुढं पोलवर गाडी लावलेली ती यानंच. त्याचं इंजिन जाम झालं. मागची चाकं लॉक, गाडी रस्ता सोडून गेली आणि पेटली. तो बाहेर निघाला, पण कपडे पेटलेले. व्हँडरवेलनं त्याला विमानानं इंग्लंडला परत नेलं. सहा दिवसांनी पोरगा गेला.

फॉर्म्युला वनची पहिली कन्स्ट्रक्टर चॅम्पियनशिप ज्याच्या नावावर, त्यानं जानेवारी १९५९मध्ये टीम बंद करत असल्याचं जाहीर केलं. तब्येत साथ देत नव्हती, डॉक्टर ओरडत होते, हे खरंच होतं. पण लोक लिहितात की त्या पोरानंतर त्याचं मन उडालं. नंतर कधीतरी एखादी गाडी उतरवली त्यानं, पण ते काही खरं नव्हतं. १९६७च्या मार्चमध्ये तो गेला. बेअरिंगचा कारखाना त्याच्या शेवटापर्यंत चालूच होता.

इंजिन का जाम झालं याच्या मी मागं लागलो नाही. जाम व्हायला शंभर कारणं असतात, आणि मला त्या एका शब्दाशीच पुढं वाचवेना, मी फोन बाजूला ठेवला होता त्या रात्री.

नानांना हे सांगताना मी जरा भरभर सांगितलं. नाना शेंगा फोडायचे थांबले. रस्त्यावरून एक कंटेनर गेला, शिरपूर फाट्याला गिअर टाकल्याचा आवाज आला, नाना तिकडंच बघत होते.

"त्या पोऱ्यानी क्लच दाबेल व्हता का?"

मी म्हटलं, नाना, त्या स्पीडला वेळ कुठं मिळतो.

नाना काही बोलले नाहीत. थोड्या वेळानं उठले, आत आले, मी सकाळी बाकड्यावर एका ट्रॅक्टरची मेन मेटल मांडून ठेवली होती, वरच्या एका बाजूला, खालच्या एका बाजूला, आणि नाना चष्मा वर सरकवून एकेक पट्टी उचलून उजेडाकडं धरून भोक बघायला लागले.